चिनी रूपक आणि परका मापदंड

परकें शास्त्र स्वीकारलें म्हणजे नवीं उत्तरें हातीं येतात, हें खरेंच. पण त्याबरोबर आपले प्रश्नहि परके होतात, इकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. आधुनिक चीनमधील भाषाविचार पाहतां आम्हांस ही गोष्ट विशेष जाणवते.

फ्रान्समध्यें शिकलेले मा ज्येनचुंग यांनीं इ. स. १८९८ मध्यें लॅटिनच्या नमुन्यावर चिनी भाषेचें व्याकरण रचिलें. त्यांनीं शब्दांचे नऊ वर्ग केले. परंतु वाक्याच्या अखेरीस येऊन नुसता भाव दर्शविणारे साहाय्यक शब्द लॅटिनमध्यें नाहींत. त्यांस या नऊ वर्गांत त्यांनीं निराळें स्थान दिलें. अंगरख्याची बेतणी परकी असली तरी अंग पाहून कापड जोडण्याचें हें शहाणपण आम्हांस स्तुत्य वाटतें.

अलंकारांच्या बाबतींत काम अधिक अवघड होतें. अमेरिकेंत शिकणाऱ्या हू शी यांनीं इ. स. १९१७ मध्यें वाङ्मयसुधारणेचीं आठ कलमें प्रसिद्ध केलीं. जुन्या कथासंदर्भांचा आणि ठराविक शब्दप्रयोगांचा सोस सोडा, असें त्यांत होतें. झिजलेल्या नाण्यांविरुद्ध हें बंड न्याय्यच होतें. पुढें जपानांत शिकलेल्या चेन वांगताव यांनीं इ. स. १९३२ च्या आपल्या ग्रंथांत ३८ अलंकार पद्धतशीर मांडले. वर्गीकरण चिनी पंडितांस अगदींच नवें नव्हतें. चेन ख्वे यांनीं इ. स. ११७० च्या सुमारास उपमेचे दहा प्रकार सांगितले होते. शिवाय चेन वांगताव यांनीं जुन्या व बोलभाषेंतील अशा दोन्ही वाङ्मयांतून उदाहरणें घेतलीं. त्यांचा ग्रंथ केवळ नक्कल नव्हे.

तरीहि एक गोष्ट निसटते. 'शी जिंग' या प्राचीन काव्यसंग्रहाच्या परंपरेंत सरळ वर्णन, तुलना आणि 'श्यिंग', म्हणजे भाव उठविणें, अशा तीन रीती मानीत. संग्रहाच्या पहिल्याच काव्यांत नदींतील बेटावर पक्षी साद घालतात आणि लगेच एका सुशील युवतीचा विषय निघतो. पक्षी म्हणजे युवती, असें कवि म्हणत नाहीं. तिच्यासारखा, असेंहि नाहीं. दोन गोष्टी शेजारीं ठेवून तो मोकळा होतो. उपमान-उपमेयाच्या चौकटींत हें बसविलें कीं काव्याचा प्राणच जातो. पॉलीन यू यांनीं इ. स. १९८७ च्या ग्रंथांत याचें मूळ दाखविलें आहे: पाश्चात्त्य रूपकामागें दृश्य जग आणि त्यापलीकडील जग असा भेद गृहीत असतो; चिनी काव्यांत दोन्ही वस्तू एकाच विश्वांतल्या सजातीय असतात.

येथें मराठी वाचकास 'श्यिंग' म्हणजे आपला ध्वनिच, असें म्हणण्याचा मोह होईल. तो आवरावा. लॅटिनच्या जागीं संस्कृत ठेवल्यानें मापदंड परका राहण्याचें टळत नाहीं. मा यांनीं साहाय्यक शब्दांस दिलें तसें आपलें नांव व आपली जागा 'श्यिंग'ला मिळणें, हाच आमच्या मतें खरा न्याय.