इंग्रजीच्या अध्यापनात चित्रपटदृश्यांचा उपयोग : एक चिकित्सा

इंग्रजीच्या तासाला चित्रपटातील निवडक दृश्ये दाखविण्याची पद्धत महाविद्यालयांना अपरिचित राहिलेली नाही. विद्यार्थी रमतात, एवढ्यावर बहुधा समाधान मानले जाते. परंतु रमणे म्हणजे शिकणे नव्हे. प्रस्तुत टिपणात गौरी शिंदे दिग्दर्शित 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) या चित्रपटातील एका दृश्याच्या आधारे या साधनाचे सामर्थ्य व मर्यादा यांचा विचार केला आहे.

पुण्याची गृहिणी शशी गोडबोले न्यूयॉर्कमधील एका कॅफेत जाते. तेथील विक्रेती भराभर प्रश्न विचारते. शशी गोंधळते आणि अपमानित होऊन बाहेर पडते. वापरलेले शब्द साधेच आहेत. अडचण आहे ती वेगाची, उच्चारांची आणि भीतीची. पाठ्यपुस्तकातील छापील संवादांतून ती जाणवत नाही. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी मात्र ती तत्काळ ओळखतो. हेच या दृश्याचे सामर्थ्य होय.

तथापि उपशीर्षके सुरू ठेवल्यास श्रवणाचे वाचन होते. म्हणून हे दृश्य प्रथम आवाज बंद करून दाखवावे व संवादांविषयी तर्क करू द्यावा. नंतर ते आवाजासह ऐकवावे. शेवटी विद्यार्थ्यांनी शशीच्या जागी उभे राहून तो संवाद स्वतः पूर्ण करावा. वेळेअभावी नेमकी हीच तिसरी पायरी वगळली जाते. चित्रपटाच्या अखेरीस शशी विवाहसमारंभात इंग्रजीतून बोलते. आपला विद्यार्थी मात्र तासाच्या अखेरीसही प्रेक्षकच राहतो.