एक्सप्रेस कुठून सुटली?

नाशिक जिल्ह्यातली कविता राऊत म्हणजे ‘सावरपाडा एक्सप्रेस’. साताऱ्याची ललिता बाबर म्हणजे ‘माणदेशी एक्सप्रेस’. माध्यमांनी ही नावं कौतुकानं वापरली, आपणही उचलली. मालाड स्टेशनवर लोकलची वाट बघत मी अशा कितीतरी बातम्या फोनवर वाचल्या. एक्सप्रेस कुठून सुटली ते पाठ झालं. ती धावली कशी, ते कधी कळलंच नाही.

बातमीचं टेम्प्लेट ठरलेलं असतं: गाव, दुष्काळ, शाळेपर्यंतची पायपीट, मग पदक. बीडमधल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचंही तेच झालं. त्यात खोटं काही नाही. पण ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात, दमलेल्या पायांनी प्रत्येक उडीनंतर लय पुन्हा पकडावी लागते, हे बातमीत क्वचितच येतं. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत साबळेचं सुवर्ण फक्त ०.०५ सेकंदानं हुकलं. आपल्यापर्यंत पोचलं ते रौप्य आणि शेतकऱ्याचा मुलगा. शर्यत मधेच गळाली.

खरं नुकसान पदक नसतं तेव्हा होतं. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये साबळे अकरावा आला. ऑफिसच्या ग्रुपवर मीच टाकलं, ‘अकरावाच?’ स्टीपलचेसच्या ऑलिंपिक फायनलमध्ये पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष होता आणि विजेत्यापेक्षा साधारण आठ सेकंद मागे होता, हे मला नंतर कळलं. महिनाभर आधी पॅरिसमध्येच त्यानं ८:०९.९१ असा राष्ट्रीय विक्रम केला होता. ललिता २०१६ला रिओत दहावी आली. तिथं हीटमध्ये तिनं ९:१९.७६ वेळ देऊन राष्ट्रीय विक्रम मोडला होता. आपल्या लक्षात राहिलं ते ‘पदक नाही’ एवढंच.

क्रिकेटमध्ये विकेट न मिळालेला चांगला स्पेल आपल्याला ओळखता येतो. कारण वर्षानुवर्षं कुणीतरी स्विंग, लेंग्थ, फील्डिंग समजावून सांगितलं. धावपटूंच्या वाट्याला चार वर्षांतून एकदा कॅमेरा येतो, तोही बहुतेकदा आईवडिलांच्या घरी जातो.

गरिबीची गोष्ट सांगू नका, असं मी म्हणत नाही. पण तिच्याशेजारी शर्यतीच्या लॅप टाइम्सना चार ओळी द्या. अकराव्या नंबरावर असलेल्या माणसाचं धावणंही आम्हाला बघता आलं पाहिजे.