घोषशब्द आणि समूहगीत : पोळ्याच्या झडतीपासून ‘झिंगाट’पर्यंत

प्रस्तावना :
एकच सोपा शब्द मोठ्याने उच्चारायचा आणि त्याभोवती सारे गीत उभे करायचे, ही रीत चित्रपटगीतांनी रूढ केली, असा सर्वसाधारण समज आढळतो. अशी गीते अर्थहीन ठरवून समीक्षा त्यांच्याकडे सहसा दुर्लक्ष करते. वस्तुतः मराठी लोकपरंपरेत अशा शब्दाला निश्चित स्थान व कार्य आहे. प्रस्तुत लेखात त्यास ‘घोषशब्द’ असे संबोधून वणी परिसरासह विदर्भात पोळ्याला म्हटल्या जाणाऱ्या झडत्या, शाहिरी आणि ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटातील ‘झिंगाट’ हे गीत यांचा तौलनिक विचार केला आहे.

झडतीतील घोष :
श्रावण अमावास्येला सजविलेल्या बैलजोड्या आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभ्या राहतात. एक जण झडती म्हणतो आणि तिच्या शेवटचा महादेवाच्या नावाचा घोष सारा जमाव उचलून धरतो. हा घोष ठरलेला असतो. त्याआधीचा मजकूर मात्र मोकळा असतो. त्यात देवांचे स्तवन येते, तसेच सावकार, पुढारी, कापसाचा भाव आणि नापिकीही येते. २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यात यवतमाळ जिल्हा होता. अशा जिल्ह्यात चारचौघांत कर्जाविषयी बोलणे सोपे नसते. झडतीत ते बोलता येते. कारण एकट्याचे बोलणे पुढच्याच क्षणी जमावाच्या घोषात मिसळते. घोष येथे बोलणाऱ्याला अभय देतो.

शाहिरीतील ‘जी’ :
पोवाड्यातील झीलकऱ्यांच्या ‘जी जी’चे कार्यही याच स्वरूपाचे आहे. त्यामुळे शाहिराला श्वास घेण्यास अवसर मिळतो आणि कथनाला समूहाची संमती लाभते. अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने (१९४४) शाहिरीची ही रीत कामगारांच्या प्रश्नांकडे वळविली. आशय बदलला तरी रीत टिकली, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

‘झिंगाट’चे स्वरूप :
अजय-अतुल यांनी संगीतबद्ध केलेल्या व स्वतः गायिलेल्या या गीताचा घोषशब्द ‘झिंगणे’ या क्रियापदाशी नाते सांगतो. प्रेमात पडलेल्या तरुणाची बेहोशी त्या एका शब्दात एकवटते, आणि ग्रामीण बोली कोणताही संकोच न बाळगता मोठ्या पडद्यावर येते. नागराज मंजुळे यांच्या चित्रपटाचा शेवट जातीच्या प्रतिष्ठेपायी झालेल्या हत्येत होतो. त्यामुळे ही बेहोशी मागे वळून पाहताना करुण भासते. वरातीत वाजताना हा संदर्भ गळून पडतो. २०१८ मधील हिंदी ‘धडक’साठी शब्द बदलून हेच गीत पुन्हा वापरण्यात आले, तेव्हा मूळ बोलीही मागे राहिली. मात्र घोषशब्द तोच राहिला.

महत्त्वाचा भेद पुढेच आहे. ध्वनिमुद्रित गीतात घोषाप्रमाणे कडवीही ठरलेली असतात. जमाव नाचतो, ठरलेल्या जागी ओरडतो. परंतु त्यात आपल्या गावाची गोष्ट घालू शकत नाही. झडतीच्या जमावाला हा अधिकार असतो.

निष्कर्ष :
घोषशब्दाचा सोपेपणा हा दोष मानता येत नाही; अनोळखी माणसांना एका सुरात आणण्याचे सामर्थ्य त्यातूनच येते. अशा गीताचे मूल्य ठरविताना घोषाच्या आधी बोलण्याची संधी कोणाला मिळते, हे पाहणे आवश्यक ठरते. ट्रॅक्टरमुळे बैलजोड्या कमी होत आहेत आणि सणांत ध्वनिवर्धकावरील तयार गीतांना मोठी जागा मिळाली आहे. या परिस्थितीत जुन्या झडत्यांचे संकलन उपयुक्त असले तरी अपुरे आहे. संकलित झडती ग्रंथात जपली जाईल. चालू वर्षाचा कापसाचा भाव मात्र नव्या झडतीतच येऊ शकेल. म्हणून तोरणाखाली दरवर्षी नवी झडती रचली जाणे, हेच या परंपरेच्या जिवंतपणाचे प्रमाण मानावे लागेल.