‘स्वेच्छेने’ आणि ‘आपण होऊन’

इंग्रजी कादंबरी मराठीत येते तेव्हा तिच्यातील माणसे पुष्कळशा गोष्टी ‘स्वेच्छेने’ करू लागतात. नवरा घर सोडतो तो स्वेच्छेने आणि साक्षीदार पुढे येतो तोही स्वेच्छेनेच. कोशाच्या दृष्टीने ह्यात भाषांतरकाराचे काही चुकलेले नसते. परंतु जेथे मराठी माणूस ‘आपण होऊन’, ‘खुशीने’ किंवा ‘मनानेच’ म्हणेल, अथवा नुसते क्रियापदच बदलील, त्या सर्व जागा ह्या एका तत्सम शब्दाने सपाट होऊन गेलेल्या असतात.

हे शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत. ‘आपण होऊन’ केले म्हणजे कोणी न सांगता केले. ‘खुशीने’ केलेले काम मात्र दुसऱ्याने सांगितलेले असू शकते. ‘मनानेच केले’ ह्यात वडीलधाऱ्यांना विचारले नाही असा बारीकसा ठपका असतो. ‘मुद्दाम’ हा शब्द तर दोन तोंडांचा आहे: मुद्दाम भेटायला येणे हे अगत्य, आणि मुद्दाम धक्का देणे हा अपराध. ‘स्वैर’ आणि ‘स्वच्छंद’ ह्यांच्याही मुळाशी ‘स्व’च आहे, तथापि त्यांतील पहिल्याला आचाराची जोड मिळताच निंदा सुरू होते, तर दुसऱ्यावरून हिंदी समीक्षेने एका सन्मान्य वाङ्मयीन वादाचे नाव बनविले.

खरी अडचण शब्दांच्याही पलीकडे, वाक्याच्या घडणीत आहे. ‘ती रडली’ आणि ‘तिला रडू आले’ ह्या दोन वाक्यांत घटना एकच, पण दुसऱ्यात ‘ती’ कर्ता राहिलेलीच नाही. ‘रडू’ आपल्या पायांनी चालत आले आहे. ‘त्याला बोलवेना’ ह्यात इच्छा आहे, शक्ती नाही. ‘बोलून टाकले’ आणि ‘बोलून गेला’ ह्यांत तर सहायक क्रियापदच हेतूचा निवाडा करते. पाणिनीने कर्त्याची व्याख्या करताना स्वातंत्र्य हेच त्याचे लक्षण मानले. ‘त्याने खून केला’ आणि ‘त्याच्या हातून खून झाला’ ह्यांतील अंतर ह्याच स्वातंत्र्याचे आहे. मराठी कथाकार जेव्हा ‘हातून’ लिहितो तेव्हा तो गुन्हा नाकारीत नाही, कर्तेपण मात्र सैल करतो. इंग्रजीत नेताना ह्याचा एक तर निव्वळ अपघात होतो, नाही तर निव्वळ कृत्य. हिंदी भाषांतरकाराला ही सबब नाही. ‘उससे हो गया’ ही सोय त्याच्या घरात आहे.

कायद्याची भाषा ह्याबाबत साहित्यापेक्षा निर्विकार आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील ३९ व्या कलमाच्या दृष्टान्तात एक मनुष्य दरोड्याच्या सोयीसाठी रात्री घराला आग लावतो आणि त्यात एक जीव जातो. मृत्यू त्याला नको होता, कदाचित त्याला त्याचे दुःखही झाले असेल. पण तो घडण्याचा संभव त्याला ठाऊक होता, तर त्याने तो घडविला असेच कायदा धरतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही ही व्याख्या राखली आहे. तिच्यासाठी मराठीने ‘इच्छापूर्वक’ योजले, हिंदीने ‘स्वेच्छया’. म्हणजे जी इच्छा असण्याची गरज व्याख्येला वाटत नाही, तीच दोन्ही शब्दांच्या गाभ्यात जाऊन बसली.

दस्तऐवज लिहिणाऱ्यांची जुनी परिभाषा ह्याहून चाणाक्ष होती. ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ ह्या जोडशब्दांचे चारही घटक फारसी-अरबीकडून आलेले; त्यांत संमती, संतोष, शहाणपण आणि सावधपणा ह्यांची निरनिराळी ग्वाही आहे. इतकी ग्वाही द्यावी लागते ती संशयाला जागा असते म्हणूनच. वडिलार्जित जमिनीवरचा हक्क भावांच्या नावे सोडणारी बहीण हक्कसोडपत्रावर सही करते तेव्हा कागदावर हीच खुशी असते, आणि माहेर तुटू नये ही धास्ती कागदाबाहेर. असा प्रसंग कथेत आला आणि भाषांतरकाराने तेथे नुसते ‘स्वेच्छेने’ ठेवले, तर कागदाचा आवाज आणि बाईचे मौन दोन्ही हरपतात. त्यापेक्षा ते लांबलचक कलम जसेच्या तसे लांबलचक ठेवणे बरे.

‘इच्छामरण’ ह्या शब्दाचे उदाहरण अधिक गंभीर आहे. महाभारतात तो भीष्मांना मिळालेला वर. मृत्यूची वेळ निवडणारा तेथे मरणाराच. अरुणा शानभाग प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निकाल दिला तेव्हा मराठी वृत्तपत्रांत हाच शब्द रूढ होता. प्रत्यक्षात १९७३ च्या हल्ल्यानंतर आपली इच्छा सांगण्याच्या अवस्थेत त्या राहिल्याच नव्हत्या. जी इच्छा चर्चेत होती ती इतरांची. ‘दयामरण’ हा शब्द हाताशी होता आणि निदान दया करणारा कोण हे तरी तो लपवीत नव्हता. मनुष्य शुद्धीवर असताना लिहून ठेवील त्या निर्देशाला न्यायालयाची मान्यता मिळाली ती २०१८ मध्ये. ‘इच्छामरण’ ह्या शब्दातील इच्छेला धनी मिळाला तो तेव्हा.