गाणारी मंडळी, अबोल गद्य

मराठी ख्रिस्ती माणसाला त्याच्या श्रद्धेविषयी विचारले तर तो बहुधा गाऊन दाखवील. अहमदनगर (आता अहिल्यानगर), जालना, सोलापूर, कुठल्याही मंडळीत रविवारी जा. ‘उपासना संगीत’ उघडण्याआधीच पेटीवर सूर लागलेला असतो आणि अक्षरओळख नसलेली आजीही नारायण वामन टिळकांची पदे कडव्यांनिशी म्हणते. त्याच मंडळीत ईयोबाच्या दुःखावर किंवा पवित्र त्रैक्यावर मुळात मराठीतच सुचलेले, मराठीतच वाद घालणारे पुस्तक मागा. पाळकसाहेब कपाटाकडे जातील आणि भाषांतर घेऊन परत येतील. चारशे वर्षांची परंपरा असलेल्या साहित्यात काव्य इतके श्रीमंत आणि विचारगद्य इतके दुबळे का, याचे उत्तर शोधताना मला दोष लेखकांपेक्षा त्यांच्या वाचकात दिसतो.

सुरुवातीला ऐकणारे तयारीचे होते. १५७९ साली गोव्यात उतरलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ ज्यांच्यासाठी लिहिला, त्या सासष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांचे कान पुराणश्रवणावर पोसलेले होते. जुनी पुराणे हातची गेली होती, नव्याची तुलना त्यांच्याशीच होणार होती. ढिली ओवी तिथे खपली नसती. उत्पत्तीपासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा स्टीफन्स सांगतो तेव्हा मध्येच श्रोता शंका काढतो आणि गुरूला उत्तर द्यावे लागते. पुराणाची ही जुनी रीत. पण तिच्यामुळे धर्मसिद्धान्ताला संवादाची चाल मिळाली. पुढे १६८४ च्या पोर्तुगीज हुकुमाने स्थानिक भाषेवरच गदा आली आणि गोव्यात हा झरा आटला.

एकोणिसाव्या शतकातला श्रोता आणखी खडूस होता, आणि ते बरेच झाले. १८५७ च्या आरंभी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांना जाहीर आव्हान देत होते. गर्दी जमे, प्रश्नोत्तरे होत. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ त्याच वर्षीचे. विधवांच्या हालांवरची कादंबरी म्हणून आपण ती वाचतो, पण तिच्या पोटात ख्रिस्ती युक्तिवाद आहे, आणि तो बिगरख्रिस्ती वाचकाला पटवण्यासाठी आहे. नीळकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे तर काशीत शास्त्रे शिकून ख्रिस्ती झालेले. त्यांनी षड्दर्शनांची चिकित्सा केली ती त्या दर्शनांच्या आतली वाट माहीत असल्यामुळे. त्यांच्या निष्कर्षांशी आज अनेक ख्रिस्तीही सहमत होणार नाहीत. त्यांचा सूर कठोर आहे, प्रसंगी अन्यायकारकही. तरी समोरच्याचे म्हणणे नीट मांडल्याशिवाय खोडता येत नाही, ही शिस्त त्यांच्याकडे होती. आजच्या उपदेशात ती शोधावी लागते.

टिळकांचा प्रकार वेगळा. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा ते कवी म्हणून आकार घेत होतेच. पुढे ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले ते वाचक बहुतांश हिंदू होते. ‘अभंगांजली’ या वाचकाच्या कानाशी लिहिली आहे. तुकोबांचा अभंग घेऊन त्यात ख्रिस्त बसवणे सोपे होते; टिळकांनी भक्ताची तगमग, रुसवा, निर्लज्ज लडिवाळपणा या सगळ्यासकट तो घेतला. त्यामुळे तिथे कृपा हा सिद्धान्त न राहता आईच्या मांडीसारखा अनुभव होतो. याला मी धर्मशास्त्रच म्हणतो. पाश्चात्त्य मंडळींच्या विश्वासांगीकारात तारणाची जी न्यायालयीन भाषा आहे, आरोपी, दंड, सुटका, ती टिळकांच्या पदांत फार थोडी जागा घेते. हा बदल त्यांनी गाजावाजा न करता केला आणि मंडळ्या तो शतकभर गात आहेत. मात्र १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांनाही त्यात ख्रिस्ताचे शिष्य मानले, तेव्हा मंडळ्यांना ते झेपले नाही. दोनच वर्षांत टिळक गेले. मंडळ्यांनी पदे ठेवून घेतली; दरबाराने उभा केलेला प्रश्न, चर्चच्या कुंपणाबाहेर शिष्यत्व असते का, तो कपाटात गेला.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची आत्मचरित्रपर ‘स्मृतिचित्रे’ धर्मशास्त्राच्या यादीत कोणी घालत नाही. घालायला हवीत. सोवळे पाळत नवऱ्याच्या घरात वेगळी चूल मांडणारी ही बाई एके दिवशी स्वतःशीच वाद घालते, जाती देवाने केल्या की माणसांनी, आणि उत्तर मिळाल्यावर त्याप्रमाणे वागू लागते. बाप्तिस्मा त्यानंतरचा. क्रम पाहावा. मिशनच्या अहवालांत आधी धर्मांतर येते आणि मग सुधारणा. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत जातीचा त्याग हेच अर्धे धर्मांतर. हे सगळे त्या विनोदाने सांगतात, म्हणून पंडित मंडळींच्या नजरेतून सुटते. पंडिता रमाबाई याच्या अगदी उलट टोकाला. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या अँग्लिकन भगिनींशी त्यांनी त्रैक्यावरून आणि चर्चच्या अधिकारावरून जो पत्रव्यवहार केला, तितका निर्भीड धार्मिक वाद आपल्याकडच्या दुसऱ्या कोणत्या ख्रिस्ती व्यक्तीने घातल्याचे मला आठवत नाही. पण तो इंग्रजीत. मराठीला त्यांनी दिले ते हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबल, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापलेले, १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी पूर्ण निघालेले.

त्यानंतर काय झाले? धर्मशिक्षण इंग्रजी पाठ्यपुस्तकांच्या हाती गेले. १८४२ पासून चालत आलेल्या ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचा वाचक हळूहळू चर्चच्या बाकावरचाच उरला. जो वाचक आधीच सहमत आहे त्याच्यासाठी लिहिताना लेखणी आळसावते. लेखन बोधपर होते, प्रत्येक परिच्छेदाला वचनाचा टेकू लागतो, शंका उपस्थित होते ती उत्तर हाताशी असल्यामुळेच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहून कमी. त्यांतही कोकणी, तमिळ, मल्याळी घरांतले पुष्कळ. एवढ्या लहान घरात बोलताना आवाज लहान होतोच.

वसईने हा आवाज पुन्हा बाहेर नेला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा लोकभाषेत आली आणि सामवेदी, वाडवळी बोलणाऱ्या गावांत मराठी वेदीवर पोचली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिक वर्षानुवर्षे संपादित केले, ते धर्मग्रामाच्या सूचनाफलकापुरते राहू दिले नाही. हरित वसईच्या आंदोलनात ते उतरले, वृत्तपत्रांतून सर्वसाधारण मराठी वाचकासाठी लिहीत राहिले, ‘सुबोध बायबल’ केले आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांचे गद्य प्रसन्न आहे, क्वचित जास्तच प्रसन्न. संतवचन आणि ख्रिस्तवचन शेजारीशेजारी ठेवले की दोघांचे जमते असे ते मानून चालतात. जिथे जमत नाही तिथली ठिणगी त्यांच्याकडे कमी पडते. गोऱ्यांकडे नेमकी तीच होती. २०२४ मध्ये दिब्रिटो गेले. त्यांच्यासारखे सर्वांशी बोलणारे नाव आज पटकन सुचत नाही.

दरम्यान उपासनेचा सूर बदलतो आहे. स्वतंत्र मंडळ्यांत कीबोर्ड आणि पडद्यावरची गाणी आली, पुष्कळशी हिंदीतून किंवा इंग्रजीतून घेतलेली. त्यांना तुच्छ लेखणारा मी नाही. कामावरून दमून आलेल्या तरुणाला त्या दोन-तीन ओळींच्या पुनरावृत्तीत खरोखर आधार मिळतो. पण या गाण्यांत पश्चात्ताप क्वचित आढळतो आणि शेजारी तर नाहीच. ‘मी’ आणि ‘प्रभू’ एवढीच पात्रे.

सर्वांत मोठी पोकळी मात्र जातीची. नगर-जालन्याकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत महार आणि मांग समाजांतून आलेली घरे मोठ्या संख्येने आहेत. त्याच वाड्यांतल्या ज्या घरांनी १९५६ पासून बाबासाहेबांच्या वाटेने बौद्ध धम्म स्वीकारला, त्यांच्या मुलांनी दलित साहित्याने मराठी हादरवली. ख्रिस्ती घरांकडून तसे पुस्तक आले नाही. कारणे आहेत: १९५० च्या राष्ट्रपती आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीचे संरक्षण नाही, म्हणजे कागदावर जात नाही आणि गावात आहे, वर ‘ख्रिस्तात भेद नाही’ हे व्यासपीठावरचे वाक्य, ज्याच्यापुढे अनुभव सांगणे विश्वासघातासारखे वाटते. गंमत अशी, की दलित ख्रिस्ती धर्मशास्त्राची वाट ज्यांनी पाडली ते अरविंद निर्मल महाराष्ट्रातलेच. १९८१ साली बंगळुरूच्या सेमिनरीत केलेल्या भाषणातून त्यांनी भारतीय ख्रिस्ती विचाराला त्याचे ब्राह्मणी वळण दाखवले, पुढे चेन्नईच्या गुरुकुल सेमिनरीत हा विषय उभा केला. लेखन इंग्रजीत, वाचक दक्षिणेत आणि परदेशात. नगरच्या पाळकापर्यंत ते पोचायला मधे एक परकी भाषा आणि एक पदवी ओलांडावी लागते.

आणि तरी हा पाळक दर रविवारी काहीतरी बोलतोच. दुष्काळात विहीर आटल्यावर हागारेची गोष्ट सांगतो, ऊसतोडीला गेलेल्यांसाठी प्रार्थना करताना मिसरातल्या विटा आठवतो. एकोणिसाव्या शतकापासून या भागात चालत आलेल्या ख्रिस्ती कीर्तनाचा ठसा त्याच्या बोलण्यावर आहे. या उपदेशांची टिपणे निघत नाहीत, निघाली तर छापली जात नाहीत, छापली तर त्यांतला ऊसतोड कामगार गाळून ‘आत्मिक’ भाग तेवढा उरतो.