काजीसमोरची फिर्याद आणि जोतीरावांचे घर

ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यामध्ये येशूचा संदेश कसा नेला गेला, याची चर्चा बहुधा पंडितांच्या वादविवादांवरून होते. वादात कोण जिंकले हे मोजले जाते. ज्यांच्या अंगणात वाद झाला ती माणसे हिशेबात नसतात. मी कोलशेतला राहतो. आमच्या ठाण्यात १३२१ साली असाच एक वाद झाला आणि त्यापायी चार ख्रिस्ती साधू मारले गेले. ओदोरिक या इटालियन फ्रान्सिस्कन प्रवाशाने १३३० मध्ये सांगून लिहवलेल्या वृत्तांतात ही हकीकत विस्ताराने आली आहे. हुतात्म्यांचे चरित्र म्हणून ती आजवर वाचली गेली. मला ती एका बाईसाठी वाचावीशी वाटते.

ठाण्यात तेव्हा नेस्टोरियन पंथाच्या ख्रिस्त्यांची पंधरा घरे होती, असे ओदोरिक सांगतो. त्यांतल्या एका घरी हे साधू उतरले. एका रात्री घरधन्याने बायकोला बेदम मारले. सकाळी ती काजीकडे गेली. पुरावा काय, असे काजीने विचारताच तिने सांगितले की घरात चार फिरंगी साधू होते, त्यांना विचारा. तिथे बसलेला अलेक्झांड्रियाचा एक मुसलमान म्हणाला, ही माणसे शास्त्र जाणणारी आहेत, त्यांना बोलावून धर्मावर वाद करावा. झाले! साक्षीला बोलावलेले साधू वादाला उभे राहिले. ईसा निव्वळ माणूस की देवही, इथून सुरुवात झाली आणि पैगंबरांविषयी तुमचे मत काय, इथे येऊन ठेपली. साधूंनी पैगंबरांची निर्भर्त्सना केली. मग आग, मग तलवार.

आणि बाई? आग साधूंना कशी जाळत नाही, याचे चमत्कार ओदोरिक रंगवून सांगतो; तिच्या फिर्यादीचे काय झाले याविषयी एक ओळ नाही. ख्रिस्ती घरातली ही बाई मुसलमान काजीकडे न्याय मागायला गेली आणि परक्या मुलखातल्या साधूंवर तिने साक्षीचा भरवसा टाकला. दोन धर्मांमधली भिंत त्या दिवशी कोणी ओलांडली असेल तर ती तिने. विद्वानांनी ती पुन्हा बांधली. दोघांच्याही पोथ्यांत तिच्यासाठी जागा होती, हे विशेष. कुराणाच्या एकोणिसाव्या अध्यायाचे नावच मरियम. खजुराच्या बुंध्याशी एकटीने कळा सोसणारी आणि मूल घेऊन परतल्यावर लोकांचे बोल ऐकणारी मरियम तिथे आहे. योहानाच्या शुभवर्तमानात दगडांनी मारायला आणलेल्या बाईच्या बाजूने येशू उभा आहे. काजीसमोर यातले काहीच निघाले नाही. धर्मसंवादाची आपली पुस्तके अजूनही याच घाटाची असतात, ही माझी मुख्य तक्रार आहे. १८३० च्या दशकात मुंबईत जॉन विल्सन यांनी मौलवींशी आणि ब्राह्मणांशी घातलेले वादही वेगळे नव्हते. फक्त तलवारीऐवजी छापखाना आला.

मराठीत हा घाट मोडला तो जोतीराव फुल्यांनी. त्यांचे शिक्षण मध्येच सुटले तेव्हा वडिलांना समजावून त्यांना पुन्हा शाळेत घालायला लावणारे दोघे होते: गफार बेग मुनशी आणि लिजिट साहेब. एक मुसलमान, एक ख्रिस्ती. उजवा हात लुळा पडल्यावर जोतीरावांनी डाव्या हाताने लिहिलेले 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली निघाले. त्यात एक कुटुंब कल्पिले आहे. बायको बुद्धाचा धर्म वाचून बौद्ध होते, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान, मुलगा सत्यधर्मी. आणि कोणी कोणाचा द्वेष करीत नाही. इथे बाई फिर्यादी नाही, वाचक आहे. ती आणि मुलगी आपापला धर्म स्वतः निवडतात. 'मानव महंमद' लिहिणारे आणि 'गुलामगिरी'त येशूला बळीराजाच्या पंगतीला बसवणारे जोतीरावच हे लिहू शकत होते.

तरीही हे घर मला अपुरे वाटते. आमच्या घरात पुस्तक आले तेच माझ्या पिढीबरोबर. ज्याला वाचूच दिले नाही तो निवडणार काय? शिवाय धर्म बदलला तरी जात मागोमाग येते. बाबासाहेबांनी ख्रिस्ती समाजातल्या जातीवर आणि मुसलमानांतल्या जातीवरही बोट ठेवले होते. कायद्याने तर या घराच्या मधोमध भिंत घातली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. जोतीरावांचे घर महारामांगाचे धरले तर आज बायकोचा दाखला चालतो. नवऱ्याचा आणि मुलीचा चालत नाही. ही अट काढावी असे रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्येच सुचवले. २०२२ मध्ये त्याच प्रश्नावर के. जी. बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला गेला. येशू देव की माणूस, यावर त्या नवऱ्याचे आणि मुलीचे कधीच जुळणार नाही. जातीच्या दाखल्यासाठी मात्र दोघांना एकाच अर्जावर सही करावी लागेल.