नव्वदला पास, एकोणनव्वदला नापास : टीईटी नक्की काय मोजते?

गावी शहापूरला गेलो की एक डीएड झालेला मित्र हमखास भेटतो. 2021च्या टीईटीत त्याला 89 मार्क पडले. खुल्या प्रवर्गाला 150 पैकी 90 लागतात. "एका मार्कानं गेलं ना भाऊ," हे तो हसत सांगतो. पण राज्यात त्यानंतरची टीईटी झाली थेट नोव्हेंबर 2024मध्ये. म्हणजे एका मार्काची किंमत तीन वर्षं.

प्रयोगशाळेत कुठल्याही उपकरणाबद्दल आपण दोन प्रश्न विचारतो. पुन्हा मोजलं तर तेच उत्तर येईल का, ही विश्वसनीयता. जे मोजायचंय तेच मोजलं जातंय का, ही वैधता. टीईटीलाही हेच विचारू.

आधी विश्वसनीयता. पेपरमधले 150 प्रश्न हा अभ्यासक्रमातून काढलेला एक नमुना. नमुना बदलला की मार्क थोडे बदलणारच. किती? साधं द्विपद प्रारूप घ्या. ज्याची तयारी 60 टक्क्यांची आहे, त्याच्यासाठी प्रमाण विचलन म्हणजे 150 × 0.6 × 0.4 चं वर्गमूळ, बरोबर 6. म्हणजे 'खऱ्या' 90 मार्कांचा उमेदवार साधारण तीनपैकी दोन वेळा 84 ते 96च्या दरम्यान कुठेही असेल. हा अंदाज ढोबळ आहे, पण 89 आणि 90 मधला फरक या मोजपट्टीला दिसत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

उलट बाजूही बघा. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. 70 प्रश्न पक्के येत असतील आणि उरलेले 80 अंदाजानं टिकवले, तर सरासरी 20 बरोबर येतात. झाले 90!

आता वैधता. शिक्षण हक्क कायद्यानंतर 23 ऑगस्ट 2010च्या अधिसूचनेनं पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी टीईटी किमान पात्रता ठरली. 'किमान' हा शब्द महत्त्वाचा. भंडाऱ्यातलं पहिलीचं पोर घरून झाडीबोली घेऊन येतं. त्याला पुस्तकातल्या मराठीपर्यंत कसं न्यायचं, याचं उत्तर चार पर्यायांतून निवडणं वेगळं आणि वर्गात ते करणं वेगळं. पण पास म्हणजे चांगला शिक्षक आणि नापास म्हणजे वाईट, असं आपण सर्रास बोलतो.

हे तपासायचं तर मार्क आणि प्रत्यक्ष शिकवणं शेजारी ठेवावं लागेल. अडचण अशी की नापास झालेला सरकारी शाळेच्या वर्गापर्यंत पोचतच नाही, मग तुलना कोणाशी करणार?

इथे 1 सप्टेंबर 2025चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येतो. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हावं, असं त्यात म्हटलंय. म्हणजे वर्षानुवर्षं शिकवणारे शिक्षक पेपर देणार. रेषेच्या जरा वर आणि जरा खाली राहिलेल्यांच्या वर्गांत मुलं कितपत शिकतात, हे पाहण्याची दुर्मीळ संधी! फक्त वर्गनिरीक्षण निकालाआधी व्हायला हवं. निकाल कळल्यावर निरीक्षकाची नजरही बदलते, आणि नापास झालेला शिक्षक वर्गातून गेला तर निरीक्षण करायलाच कोणी उरणार नाही. आपल्यासाठी हा विदा असला तरी त्यांच्यासाठी पोटापाण्याचा प्रश्न आहे, हे विसरू नका.

रेषा कुठेतरी ओढावीच लागते, हे मान्य. पण मग परीक्षा दरवर्षी ठरल्या वेळी घ्या. मोजपट्टी सहा मार्कांनी हलत असेल, तर पुन्हा मोजून घेण्याची संधी हा उमेदवाराचा हक्क आहे.

मित्र 2024ला पास झाला, 97 मार्क. अजून अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल पुढे आहेच. तीन वर्षांत काय बदललं, असं विचारलं तर म्हणाला, "प्रश्न बदलले."